विकत घेतलेला पत्ता आणि हंसाबाईंचा फ्रीझर

पैसे भरून ग्राहकांचे पत्ते पुरवणाऱ्या सेवांचा वीज ठेकेदाराला खरोखर उपयोग होतो का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत अशी एक सेवा घेऊन पाहायचे ठरवले. दादरच्या एका तंत्रशाळेत मी बरीच वर्षे तारतंत्री, म्हणजे वायरमनचे काम, हा विषय शिकवला. तिथे मुलांना सांगत असे, की प्रश्न नीट मांडा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि जे दिसेल तेच लिहा. तसेच करू, म्हणजे ‘होतो’ किंवा ‘होत नाही’ असे एका शब्दाचे उत्तर हाती येईल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात उत्तराआधी काळजी हाती आली, आणि ती अजून गेलेली नाही.

आधी हा धंदा थोडक्यात समजावून सांगतो. वीज कंपनी वीज तुमच्या मीटरपर्यंत आणून देते. मीटरपासून तुमच्या घरातल्या शेवटच्या दिव्यापर्यंतचा सगळा पसारा तुमचा. तो उभारून देणारा, आणि तो नियमाप्रमाणे उभारला आहे असे स्वतःच्या सहीने सांगणारा माणूस म्हणजे परवानाधारक वीज ठेकेदार. वायरमन काम करतो. त्या कामाला जबाबदार ठेकेदार असतो. पुढे काही बिघडले, तर विचारणा सहीवाल्याकडे होते. शाळा सोडल्यावर मी हा परवाना घेतला आणि नायगावात एक लहानसे दुकान थाटले. माझ्याबरोबर तेव्हापासून ऑल्विन आहे. तो गिरगावातल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या मुंबईकर ख्रिस्ती, कुटुंबातला. त्याचा हात सफाईचा आणि तोंड त्याहून सफाईचे.

आम्हाला ग्राहक कसे मिळत, हे आजच्या वाचकांना विचित्र वाटेल. नायगाव, परळ, लालबागच्या चाळींत जिन्याखाली मीटरची लाकडी फळी असे. जो ठेकेदार त्या फळीचे काम करी, तो कोपऱ्यात ऑइलपेंटने आपले नाव लिही. वीज गेली की माणसे कंदील घेऊन जिन्याखाली जात आणि नाव वाचून निरोप धाडत. आमची जाहिरात ती एवढीच. मात्र या नावाला एक रीत जोडलेली होती. त्या फळीवर दुसऱ्या ठेकेदाराला काम मिळाले, तर तो आधी जुन्या नाववाल्याला विचारी, ‘तुमच्या बोर्डाला हात लावायचा आहे, काही सांगायचे आहे का?’ जुने नाव पुसायचे नाही. आपले त्याच्याखाली लिहायचे. बाहेरच्यांना हा निव्वळ शिष्टाचार वाटेल. पण भिंतीत बुजलेली कोणती वायर कुठे गेली आहे, हे ती घालणाऱ्यालाच ठाऊक असते. त्याला न विचारता फळी उघडणे म्हणजे डोळे मिटून हात घालणे.

मग चाळी पाडण्यास सुरुवात झाली. माणसे संक्रमण शिबिरांत गेली, फळ्या भंगारात गेल्या आणि त्यांच्याबरोबर माझे नावही गेले. नव्या मनोऱ्यांत विकासकाचा स्वतःचा ठेकेदार असतो. तिथे आम्हाला पहारेकरी आत सोडत नाही. दुकानातला फोन गप्प झाला. ऑल्विन स्क्रू-ड्रायव्हर पुसून पुसून चकचकीत करू लागला, तेव्हा मी ती सेवा घेतली.

सेवेची रचना सोपी आहे. कोणाला विजेचे काम निघाले, की तो मोबाइलवर मागणी नोंदवतो. ती मागणी, तिला ‘लीड’ म्हणतात, एकाच वेळी आम्हा तिघाचौघांना विकली जाते. जो आधी फोन करील, त्याला बहुधा काम मिळते. हा फोनही सेवेच्याच नंबरावरून जातो, त्यामुळे ग्राहकाचा खरा नंबर आम्हाला कळत नाही. काम संपले, की काही काळाने पत्ताही पडद्यावरून निघून जातो. काम मिळो न मिळो, शेवटी ग्राहक आपल्याला एक ते पाच तारे देतो. तारे कमी पडले, की लीड येणे मंदावते.

पहिल्या आठवड्यातच माझे जेवण बिघडले. मोबाइल वाजला, की हातातला घास तसाच ठेवून धावायचे. ऑल्विन म्हणाला, “सर, प्रसूतिगृहातल्या बापासारखी तुमची दशा झालीय. कायम उभे!”

“तू पण ऐकत राहा. वाजला तर पटकन दे.”

“देतो. पण पाच तारे हॉटेलांना असतात सर. आपल्याला कशाला?”

काही अनुभव गमतीचे होते. गिरगावातल्या एका गृहस्थांनी आम्हा तिघा ठेकेदारांना एकाच वेळी घरी बोलावले, बाकावर ओळीने बसवले आणि तोंडी परीक्षा घेतल्यासारखे दर विचारले. माझ्या शेजारचा ठेकेदार खरोखरच हात वर करून बोलला. दुसऱ्या एका घरी काम नव्हतेच. पुतण्याने सांगितलेला दर रास्त आहे का, एवढेच त्यांना पडताळून पाहायचे होते. पण न्यायाने सांगायचे, तर चांगली कामेही आली. लोअर परळच्या एका दातांच्या दवाखान्याची संपूर्ण वायरिंग मला याच मार्गाने मिळाली, आणि ती डॉक्टर बाई आजही मला बोलावते. म्हणजे ‘उपयोग होतो’ असे लिहून वही मिटायला माझी हरकत नव्हती. तेवढ्यात हंसाबाईंची लीड आली.

पत्ता कॉटन ग्रीनच्या एका जुन्या इमारतीतल्या तळमजल्याचा होता. हंसाबाई कोळी समाजातल्या, माहेर कोळीवाड्याचे. लालबागच्या बाजारात मासळी विकतात. घरात मोठा डीप फ्रीझर, त्यात पापलेट आणि सुरमई. तक्रार एका वाक्याची होती: ‘फ्रीझरला हात लावला की मुंग्या येतात.’

मी तपासले. यंत्रे जुनी झाली, की त्यांच्यातून किंचित वीज बाहेरच्या पत्र्यावर झिरपते. ती जमिनीत निघून जावी म्हणून तीन पिनांच्या सॉकेटचे वरचे मोठे भोक असते. त्याला जोडलेली अर्थिंगची वायर थेट जमिनीत पुरलेल्या नळीपर्यंत जायला हवी. हंसाबाईंच्या सॉकेटात ते भोक होते, पण त्यामागे काहीच नव्हते. इमारतीलाच अर्थिंग नव्हते. शिवाय मीटरच्या खोलीत, मीटरखाली, चिनीमातीचे जुने फ्यूज होते, आणि तेही दोन्ही वायरींवर. वीज एका वायरीने येते आणि दुसरीने, म्हणजे न्यूट्रलने, परत जाते. परतीच्या वाटेवर फ्यूज ठेवू नये, पण जुन्या इमारतींत तो हटकून सापडतो. ही बारीकशी बाब कृपया ध्यानात ठेवा. पुढे तिचेच काम आहे.

मी म्हणालो, “मागच्या बोळात नळी पुरावी लागेल. तिथून तांब्याची वायर आत आणायची, अर्थगळती ओळखून वीज तोडणारा स्विच बसवायचा. पूर्ण दिवसाचे काम आहे. तेवढा वेळ फ्रीझर बंद राहील.”

“दिवसभर बंद? आणि माल काय माझ्या डोस्क्यावर ठेवू?”

“तोवर ओल्या हाताने फ्रीझरला शिवू नका. पायात रबरी चप्पल असू द्या.”

हंसाबाई सुनेकडे वळून हसल्या. “ऐक गं! म्हावरंवालीनं हात सुके ठेवायचे म्हणे.” मग ऑल्विनला विचारले, “ह्ये तुला शिकवायला होते काय रे? तू सर सर करतोस ते?”

“शाळेत होते. पण मला अजून पास नाय केलेला,” ऑल्विन म्हणाला.

निघताना मी जुन्या सवयीने त्यांचा स्वतःचा नंबर मागून घेतला. काम मात्र मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी पडद्यावर ‘हे काम अन्य व्यावसायिकास मिळाले’ असा निरोप झळकला, आणि त्याखाली हंसाबाईंनी दिलेले दोन तारे. सोबत अभिप्राय: ‘मास्तर बोलतात लय.’

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण अर्थिंगची नळी कोणी कुठे पुरली, हे जाणून घ्यावेसे वाटले, म्हणून मी त्यांना फोन केला.

“बेस झालं,” त्या म्हणाल्या. “मुंग्या बंद. पोरगा आला, धा मिनटांत गेला पण.”

“बोळात खणले का?”

“नाय.”

“बाहेरून वायर आणली?”

“नाय हो. तिथल्या तिथंच जोडलं त्यानं. तुमीच लय मोठं करून सांगत होता.”

फोन ठेवल्या ठेवल्या तो पुन्हा लावावा लागणार, हे मला कळले. का, ते सांगतो. बाहेरून वायर न आणता मुंग्या थांबवण्याची एकच युक्ती आहे. सॉकेटाच्या आत बोटभर लांबीचा तुकडा घेऊन अर्थिंगचे रिकामे भोक शेजारच्या न्यूट्रलला जोडून टाकायचे. झिरपलेली वीज परतीच्या वाटेने निघून जाते आणि मुंग्या त्या क्षणी थांबतात. ग्राहक खूश होतो. पण आता फ्रीझरचा पत्रा परतीच्या वाटेला बांधला गेला. ती वाट कुठे तुटली, एखादा जुना स्क्रू ढिला झाला किंवा न्यूट्रलवरचा तो चिनीमातीचा फ्यूज वितळला, तर परत जाऊ न शकलेली वीज सगळी पत्र्यावर येऊन थांबते. मग तिथे मुंग्या येत नाहीत. तिथे माणूस चिकटतो. आणि त्या घरातली सून दिवसभर अनवाणी, ओल्या हातांनी ते झाकण उघडत होती.

मी लगेच परत फोन लावून प्लग काढायला सांगितले. हंसाबाईंनी सरळ विचारले, “काम गेलं म्हणून जळता काय मास्तर?”

खरा इशारा आणि हरलेल्या धंदेवाल्याची कुरकुर यांचे शब्द अगदी सारखेच असतात. चाळीत असतो, तर जिन्यावरच्या चार माणसांनी माझ्या वतीने सांगितले असते. इथे मी त्यांच्या दृष्टीने चौघांतला एक होतो, दोन ताऱ्यांचा.

ऑल्विनने मला अडवले. “सर, आता गेलात तर म्हणतील, गिऱ्हाईक पळवायला आला. तक्रार केली तर सेवा बंद होईल आपली.”

“आणि नाही गेलो तर?”

तो पेटी उचलून दाराशी उभा राहिला.

आम्ही लालबागच्या बाजारात गेलो. हंसाबाई पाटीमागे बसल्या होत्या आणि समोर गिऱ्हाइकांची दाटी होती. मला पाहताच त्या शेजारणीला म्हणाल्या, “ह्येच ते मास्तर. घरी येऊन डरवतात, आता बाजारात पण आले.”

“पापलेट घ्या मास्तर, भीती उतरेल,” शेजारीण म्हणाली.

लोक हसले. मी पुस्तकी काही सांगायच्या भानगडीत पडलो नाही. म्हणालो, “हंसाबाई, ज्याने काम केले त्याचा नंबर द्या. त्याला विचारल्याशिवाय मी तुमच्या बोर्डाला हात लावणार नाही. तो आणि मी समोरासमोर पाहू. तुम्ही उभ्या राहा. माझे चुकले असेल तर तिथेच मला शिव्या द्या. मला पैसे नकोत. तोवर फक्त सुनेला सांगा, झाकण उघडायच्या आधी बटण बंद करून प्लग काढ.”

त्यांनी कमरेच्या बटव्यातून एक भिजलेले कार्ड काढले. “घ्या. भांडा त्याच्याशी. आणि तिला सांगते प्लगाचं.”

कार्डावरचे नाव नितीनचे होते. लोअर परळमध्ये वाढलेला, आयटीआय झालेला, स्वतःचा परवाना असलेला तिशीतला ठेकेदार. मी फोनवर जुन्या रीतीचेच वाक्य बोललो: “तुमच्या बोर्डाला हात लावायचा आहे, काही सांगायचे आहे का?”

“काय?”

मी पुन्हा म्हणालो.

“काका, असं कोण विचारतं? लीड माझी आहे. मी पण पैसे भरलेत. काम क्लोज झालंय, पाच स्टार आलेत. तुमचा प्रॉब्लेम काय?”

“प्रॉब्लेम न्यूट्रलवरच्या फ्यूजचा आहे. तो तुम्ही पाहिलात का?”

पलीकडचा आवाज खाली आला. “न्यूट्रलला फ्यूज आहे?”

“आहे.”

“मीटर रूमला कुलूप होतं. मी आत गेलोच नाही.” आणि थोडे थांबून, “मी येतो. तुम्ही काही करू नका, मी येतो.”

तो आमच्या आधी पोहोचला होता. चावी मिळवून मीटरच्या खोलीबाहेर उभा होता. हंसाबाई पाटी जावेकडे सोपवून आल्या होत्या. सुनेला आम्ही दाराबाहेर उभे केले. ऑल्विनने तपासणीचा दिवा काढला. साधा बल्ब, दोन वायरी. एक टोक फ्रीझरच्या बिजागरीला, दुसरे जमिनीत गेलेल्या नळाच्या लोखंडी पाइपाला. दिवा लागला नाही. हंसाबाई म्हणाल्या, “बगा! काय नाय.”

मग नितीनने स्वतः जाऊन न्यूट्रलचा फ्यूज ओढून काढला, जणू तो आपोआप वितळला आहे. घरातला पंखा थांबला. घरातली वीज गेली असे कोणालाही वाटले असते. पण बिजागरीला लावलेला दिवा पेटला.

(हा प्रयोग वाचकांनी घरी मुळीच करू नये. आम्ही तिघेही या कामातले होतो, आणि तरीही सुनेला आधी दाराबाहेर काढले होते.)

हंसाबाई दिव्याकडे पाहत राहिल्या. “पंखा बंद, आणि हितं करंट?”

“हो. वीज गेली असे समजून तुमच्या सूनबाई झाकण उघडून बर्फ पाहायला गेल्या असत्या.”

सुनेने दारातली चप्पल पायात घातली.

नितीन परत आला आणि त्याने दिवा पाहिला. त्याने प्लग काढला, सॉकेट उघडले आणि तो तुकडा स्वतःच्या पक्कडीने तोडून खिशात घातला. “सर,” तो म्हणाला. ‘काका’ म्हणणे गेले होते. “पूर्वी मी पण पाइप पुरायचो. एका लीडवर अख्खा दिवस जातो, तोवर चार लीड दुसऱ्याला. लोक लिहितात, स्लो आहे. मग सगळे करतात तसं मी पण करायला लागलो.”

त्याला उपदेश करण्याची इच्छा मला झाली नाही. मोबाइल वाजला की मीही घास टाकून धावत होतो. तोच मोबाइल त्याच्याही खिशात होता.

ते काम आम्ही दोघांनी मिळून केले. हंसाबाईंनी माल बर्फात भरून जावेकडे हलवला. बोळात नळी पुरली, तांब्याची वायर आणली, अर्थगळतीवर तुटणारा स्विच बसवला, न्यूट्रलवरचा फ्यूज काढून तिथे सरळ पट्टी जोडली. शेवटी ऑल्विनने पेटीतून लाल रंग काढला आणि बोर्डाच्या कोपऱ्यात नितीनचे नाव लिहून त्याखाली माझे लिहिले. हंसाबाई म्हणाल्या, “दोघांची नावं? म्हंजे भांडण मिटलं?” आणि मला वाटेला लावताना सुरमईचे दोन तुकडे पानात बांधून दिले. तारे मात्र दोनच राहिले. ते बदलायचे कसे, हे त्यांना माहीत नव्हते, आणि मी सांगितले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अशा सेवेचा ठेकेदाराला उपयोग होतो का? ग्राहक सापडायला होतो. ज्याचे नाव भंगारात गेले आहे, त्याला ती दारापर्यंत नेते. पण दारातून परत फिरल्यावर पुन्हा त्या दारात जाण्याचा हक्क ती देत नाही, आणि आमच्या धंद्यात केलेले काम बऱ्याचदा मागाहूनच बोलते. माझे उत्तर हे असे अर्धे आहे. नितीन आणि मी अजून सेवा घेतो. फरक इतकाच, की एकच लीड दोघांना आली, तर आम्ही आधी एकमेकांना फोन करतो.

माझी काळजी निराळी आहे. बोर्डावरचा रंग वाळत असताना मी नितीनला विचारले, “असे आणखी कुठे केले आहेस?”

त्याने मोबाइल काढला आणि मागे मागे सरकवत गेला. जुन्या कामांच्या जागी रिकामे चौकोन होते. पत्ते निघून गेले होते, नंबर कधी मिळालेच नव्हते. “परळला एक आठवतंय,” तो म्हणाला. “लालबागला चिवडा गल्लीच्या आसपास दोन. दादरला एक आजी होत्या, वॉशिंग मशीन.” आठवली तेवढी घरे आम्ही शोधली आणि दुरुस्त केली. दादरच्या आजी सापडल्या नाहीत. आम्ही त्या रस्त्यावरच्या इमारतींत विचारत फिरलो. पहारेकऱ्यांनी आत सोडले नाही. सेवेला लिहिले, ग्राहकांची माहिती देता येत नाही, असे नम्र उत्तर आले. आणि नितीन म्हणाला तेच खरे असेल, म्हणजे सगळेच असे करत असतील, तर ही यादी कोणाच्याच मोबाइलमध्ये नाही.

हा लेख मी त्या आजींसाठी लिहिला आहे. त्या हा अंक वाचतात की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून सर्वांनाच विनंती करतो. तुमच्या फ्रिजला, गीझरला किंवा वॉशिंग मशीनला हात लावल्यावर पूर्वी मुंग्या येत असतील आणि कोणी तिथल्या तिथे काही जोडून त्या थांबवल्या असतील, तर माझ्या सांगण्यावर विसंबू नका. सॉकेट स्वतः उघडू नका. आधी बटण बंद करून प्लग काढा, परवानाधारक माणसाला बोलावा आणि त्याला एवढेच म्हणा, “अर्थिंगची वायर जमिनीत कुठे जाते, ते मला दाखवा.” तो दाखवील तिथपर्यंत त्याच्याबरोबर चालत जा आणि ती जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.